म्हशीच्या दुधाला गाईची फॅट

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सासरहून फलटणला माहेरी आणून सोडलं तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि नावावर एक आरोप होता: डेअरीला घालायच्या दुधात ती पाणी मिसळते. आणून सोडणारा तिचा चुलत दीर चहासुद्धा न घेता आल्या पावली परत गेला. हा आरोप एखाद्या माणसानं केला असता तर मी त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. भांडणात मी कुणाला हार जात नाही, हे आमच्या गल्लीला चांगलं ठाऊक आहे. पण आरोप केला होता एका यंत्रानं, आणि ते यंत्र कुपवाडच्या ज्या कारखान्यात तयार होतं तिथंच मी नोकरी करते.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दारात दुचाक्यांची रांग आणि आत सोल्डरिंगचा वास. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक डबा बनवतो. त्याला कागदोपत्री भलंमोठं नाव आहे, पण आम्ही डबाच म्हणतो. डब्याला दोन केबली येतात, एक वजनकाट्याकडून आणि एक फॅट मशीनकडून. फॅट मशीन दुधाचा नमुना तपासतं आणि आलेला आकडा केबलमधून एकामागून एक अक्षर करत डब्याकडं पाठवतं. डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरनं ती अक्षरं झेलायची, जुळवायची आणि पावतीवर छापायची. हे झेलायचं काम करणारा प्रोग्रॅमचा जो तुकडा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचा ड्रायव्हर लिहिणारा मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत गेला आणि त्याचं लिखाण माझ्या गळ्यात पडलं. ते बिघडलं की मी निस्तरायचं.

आक्काचं सासर कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यात. नवरा फौजेत, वर बर्फात पोस्टिंगला. घरात ती, तिची सासू आणि म्हशी. सासूबाईंना आक्का आत्ती म्हणते, मी मावशी म्हणते. संधिवातानं मावशींची बोटं वाकडी झाली म्हणून धारांचं काम आक्काकडं आलं, नाहीतर त्यांनी आपल्या म्हशीच्या आचळाला दुसऱ्याचा हात लागू दिला नसता. बाई कडक, पण सरळ. पूर्वी डेअरीत दुधात काचेची नळी सोडून तिच्यावरची डिग्री बघायचे तेव्हा सेक्रेटरी माणूस बघून डिग्री सांगतो असा गावभर बोभाटा होता. यंत्र आणा, म्हणून डेअरीच्या सभेत उठून बोलणारी पहिली बाई म्हणजे मावशी. "यंत्राला भावकी नसती," असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी आमच्या कारखान्यात मोठ्या कौतुकानं सगळ्यांना ऐकवलं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर कधीतरी पावतीवर म्हशीच्या दुधाला गाईची फॅट, म्हणजे जवळपास निम्मी, दिसायला लागली. रोज नाही. एखाद्या दिवशी बरोबर, मग सलग काही दिवस पडलेली. आधी मावशींनी सरकी पेंड वाढवली. मग वैरण बदलली. मग त्या स्वतः धार काढताना आक्काच्या शेजारी पाट टाकून बसायला लागल्या. धार तर डोळ्यांदेखत निघत होती, दूध चांगलं दाट दिसत होतं, आणि तरी पावतीवर आकडा पडलेलाच. मग मावशींच्या मनानं घर ते डेअरी एवढा रस्ता पकडला. वाटेत देवळाजवळ एक नळ आहे. आक्का किटलीतलं निम्मं दूध वाटेत कुणाला तरी विकते आणि नळाखाली किटली धरून मापाला माप करते, असं त्यांच्या डोक्यात बसलं. आक्कानं एकदाच सांगितलं, "मी पानी घातलं न्हाई." त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही. तिचा स्वभावच तसा आहे, आमच्या दोघींच्या वाट्याचं बोलणं मीच उरकते.

डेअरीच्या चेअरमननं तंबी दिली की पुन्हा असं झालं तर या घराचं दूध बंद. रांगेतल्या बायका आक्कापासून हातभर लांब उभ्या राहायला लागल्या. एका संध्याकाळी मावशींनी मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, फोन लावून सगळं सांगितलं. तो तिकडून एवढंच म्हणाला, "तू म्हंतीस तसं कर, आई." आणि आक्का फलटणला आली.

इथवर मला वाटत होतं की आठ दिवसांत हे मिटेल. पण आक्का गेल्यावर वाकड्या बोटांनी कशाबशा धारा काढून, किटली घेऊन मावशी स्वतः डेअरीला जायला लागल्या, आणि पहिल्याच दिवशी फॅट बरोबर आली. दुसऱ्या दिवशी बरोबर. त्यानंतर रोज बरोबर. त्याच म्हशी, तीच किटली, तोच डबा. आता सांगायला उरलं काय? गावात कुणीतरी म्हण जोडून टाकली, "धाकटीचं यंत्र आन् थोरलीची चोरी." ती फिरत फिरत फलटणला आमच्या घरापर्यंत पोचली.

वडिलांनी मला फोन केला. साखर कारखान्यात जन्म काढलेला माणूस, मशीन म्हणजे काय हे त्यांना कळतं. ते म्हणाले, "यंत्र तुमचं हाय न्हवं? मग बघ की त्यात काय हाय ते." मी म्हटलं, बघते. ते थोडं थांबून म्हणाले, "आन् त्यात काय न्हाई घावलं तर तसं सांग. मग आमी आक्कालाच इचारू." म्हणजे यंत्रात दोष सापडला नाही तर माझी बहीण स्वतःच्या बापाच्या घरातही चोर ठरणार होती. आणि तो दोष शोधायचं काम अख्ख्या महाराष्ट्रात फक्त माझ्याकडं होतं.

मी टेबलावर एक डबा आणि एक फॅट मशीन मांडून बसले. केबलीशेजारी ड्रिल मशीन चालवलं, म्हणजे विजेच्या गोंगाटात अक्षरं बिघडतात का ते कळेल. बिघडली, पण डब्यानं ती ओळखली आणि पडद्यावर 'एरर' दाखवला. लांबलचक केबल लावली, एरर. वीज कमी-जास्त केली, एरर. मधलीच अक्षरं मुद्दाम गाळली, एरर. केबल उपटून काढली तर डबा ताबडतोब म्हणे, 'जोडणी नाही.' मी त्याला हरतऱ्हेनं छळलं. तो अडखळायचा, बंद पडायचा, चूक कबूल करायचा, पण खोटा आकडा काही देईना. एरवी माझ्या हातून असं यंत्र पास झालं असतं तर मी पेढे वाटले असते. त्या दिवसांत मला ते उचलून वर्कशॉपच्या भिंतीवर फेकावंसं वाटत होतं.

आमच्या सरांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, मी काय करते ते कळलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "घरचं भांडण कंपनीच्या टेबलावर कशाला आणतेस? मशीन बरोबर आहे. तूच तपासलंस, तूच सांगतेस. आता बहिणीच्या मायेनं मशीनमध्ये खोट काढायची म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर झालं." मी बाहेर आले आणि बाथरूमची कडी लावून रडले. राग आला की मी भांडते, रडत नाही. पण तेव्हा भांडायला समोर कुणी नव्हतंच, होती फक्त माझीच तपासणी.

आणि खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली होती. सांगलीतल्या माझ्या खोलीवरून कुपवाडला स्कूटरवर जाताना मी मनात ड्रायव्हरची एक एक ओळ म्हणत जायचे, आणि सगळ्या ओळी संपल्या की मागून एक नकोसा विचार यायचा. तो मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळला असेल.

शेवटी मी सुट्टी टाकली आणि लॅपटॉप घेऊन आक्काच्या गावी गेले. राहायला मावशींच्याच घरी. दुसरीकडं राहिले असते तर तो आणखी एक बोभाटा झाला असता. मावशींनी जेवायला वाढलं, पांघरूण दिलं, पण बोलल्या फक्त कामापुरतं. सकाळ-संध्याकाळ मी डेअरीत बसायचे. फॅट मशीनच्या केबलीला मी मधे एक फाटा काढून लॅपटॉप जोडला होता, म्हणजे मशीन डब्याला जे सांगेल ते मलाही ऐकू येईल. मशीनचा स्वतःचा पडदा भिंतीकडं तोंड करून होता. केबल आखूड पडली म्हणून आमच्याच फिटरनं ते तसं फिरवून बसवलं होतं. माझ्या लॅपटॉपवर यायचं तेच पावतीवर यायचं, माणसामागून माणूस, अगदी बिनचूक. मावशी यायच्या, किटली ठेवायच्या, पावती घ्यायच्या आणि माझ्याकडं न बघता ती माझ्यासमोर धरायच्या. फॅट उत्तम. मग घरी जायच्या.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. सुट्टी संपत आली एवढं मात्र समजत होतं. आक्काला फोन केला की ती म्हशींची चौकशी करायची. थोरली म्हैस गाभण होती. ती काय खाते, पाणी किती पिते, पाय चाटते का. बाकी काही नाही. मी म्हणायचे, "अजून सापडलं नाही गं." ती म्हणायची, "बरं." असं 'बरं' ऐकण्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

एका सकाळी थंडी फार होती आणि मावशींची बोटं अजिबात वळेनात. त्यांची एक म्हातारी जाऊ येऊन धारा काढून गेली. मावशींनी किटली माझ्यापुढं सरकवली. "आज माझा हात चालंना. ने तूच." मी किटली उचलली तर मागून म्हणाल्या, "वाटंत नळ हाय. ध्यान ठेव." मी उंबऱ्यावर थांबले. वळून काय बोलावं ते सगळं जिभेवर आलं होतं. पण किटली खाली ठेवून भांडायला लागले असते तर डेअरी बंद झाली असती, म्हणून तशीच चालायला लागले. देवळाजवळच्या नळावरून जाताना मी रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेनं गेले. त्या वेळी मला समजलं की आक्का इतके दिवस कशी चालली असेल.

रांगेत माझ्यापुढं शेजारचे आजोबा होते, जर्सी गाईचं दूध घालणारे. रोज त्याच वेळी निघतात, आक्काच्याही पुढं तेच असायचे. त्यांची पावती झाली, ते बाजूला झाले. मी किटली काट्यावर ठेवली. सेक्रेटरीनं दूध ढवळून नमुन्याची वाटी भरली, मशीनखाली लावली. आता त्यानं डब्यावर आमच्या घराचा नंबर दाबायचा, आकडा येईपर्यंत थांबायचं आणि पावती फाडायची. त्याचं बोट नंबराकडं निघालं होतं. तेवढ्यात त्यानं मान वर केली.

"आक्काचं काय गं? बरी हाय न्हवं फलटनला?"

मी म्हटलं, "बरी कशाला असेल?"

"आन् फौजीचा फोन येतो का तिला? का त्यानं बी तोंड फिरवलं?"

सगळ्यांचे कान माझ्याकडं. आणि मी इतके दिवस गिळलेलं सगळं तिथं ओकले. म्हटलं, तुमच्या डेअरीनं माझ्या बहिणीचं नाव घालवलं, तिच्या नवऱ्यानं तिला साधं विचारलं नाही, आणि तुम्ही वर तोंड करून ती बरी आहे का म्हणून विचारता? आणखीही बरंच बोलले. सेक्रेटरी बिचारा बोट हवेत धरून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर त्यानं हळूच नंबर दाबला. डबा बराच वेळ गप्प राहिला आणि मग पावती बाहेर आली.

गाईची फॅट. नुकत्या गेलेल्या आजोबांच्या पावतीवर होती तीच, दशांशासकट.

मागून कुणीतरी म्हणालं, "हिनं बी घातलं बघा." लोक हसले. मला ते नीट ऐकूच आलं नाही. मी लॅपटॉपकडं बघत होते. तिथं म्हशीची खरी, भरपूर फॅट कधीची येऊन पडली होती. मी भांडत होते तेव्हाच ती आली होती.

पुढचं मला एका क्षणात दिसलं. आमच्या पुस्तिकेत लिहिलंय, आधी नंबर दाबा, मग वाटी लावा. पण रांग मोठी असते आणि मशीनला वेळ लागतो, म्हणून हे लोक आधी वाटी लावतात आणि लगेच नंबर दाबतात. तेवढं चालतं. मात्र वाटी लावून कुणी बोलत बसलं, तर मशीनचं उत्तर नंबर दाबायच्या आधीच येऊन बसतं. मग नंबर दाबला की ड्रायव्हर नव्या माणसासाठी पाटी कोरी करतो, आणि त्यात ते आलेलं उत्तरही पुसून टाकतो. मग तो वाट बघत बसतो. उत्तर येऊन गेलेलं असतं, ते परत कुठून येणार? केबल तर शाबूत आहे, म्हणून एरर नाही. वाट बघून कंटाळला की तो वर कळवतो, सगळं ठीक आहे. आणि छापायच्या आकड्याची जागा वेगळी, ती कुणी पुसलेलीच नसते, तिथं आधीच्या माणसाचा आकडा तसाच पडलेला असतो.

ती ओळ मी टेबलावर बसून वाचली होती. तिच्याशेजारी त्या पुण्याच्या मुलानं लिहून ठेवलं होतं की इथं प्रोग्रॅम कधीच येणार नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये तो खरंच कधी आला नसता. तिथं वाटी लावून कुणी कुणाला सुखदुःख विचारत नाही.

"आक्का यायची तेव्हा तुम्ही तिला रोज काय विचारायचा?" मी सेक्रेटरीला विचारलं.

"काय इचारनार? फौजीचा फोन आलता का, एवढंच. टीवीवर रोज सीमेचं चाललंय. तिनं सांगितलं की समद्यांना बरं वाटायचं. पोरीला इचारू बी नये व्हय?"

"रोज?"

"रोज न्हाई. घाई असंल तवा न्हाई."

"आणि मावशींना विचारता?"

"त्यास्नी?" तो दचकला. "त्या काट्यावर आल्या की मी आधी नंबर दाबतो बघ. उगं बोलनी कोन खाईल?"

मी खाली बसले आणि तिथं, दुधाच्या ओल्या फरशीवर, मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं चोरी पकडली म्हणून रडते.

दुसऱ्या सकाळी मावशींना सोबत घेऊन गेले. त्यांच्यासमोर आजोबांचं दूध लावलं, मग त्यांच्याच किटलीतलं लावलं, आणि सेक्रेटरीला म्हटलं, आता मावशींशी दोन शब्द बोला. तो माणूस घाबरून म्हणाला, "आवं, बरं हाय न्हवं?" मावशी म्हणाल्या, "बोल पुढं." त्याला पुढं सुचेना. शेवटी ते दोघं पाऊसपाण्यावर बोलले. मग नंबर, मग वाट, मग पावती. मावशींनी ती हातात घेतली, आजोबांच्या पावतीशेजारी धरली. सगळी रांग बघत होती. चेअरमनही आला होता. तो म्हणाला, "म्हंजी यंत्रातच घोळ व्हय!" आणि मान हलवून आपल्या कामाला लागला. मावशींनी पावती पदराला बांधली आणि किटली न घेताच घराकडं निघाल्या. रिकामी किटली मी नेली.

कुपवाडला येऊन मी ड्रायव्हर दुरुस्त केला. दुरुस्ती म्हणजे थोड्या ओळी: उत्तर आलं नाही तर आधीचा आकडा पुसून टाकायचा आणि 'पुन्हा तपासा' म्हणायचं, आणि आधीच आलेलं उत्तर फेकून द्यायचं नाही. सरांनी पाठ थोपटली. नवा प्रोग्रॅम सगळ्या गावांना पाठवायचं ठरलं. सोबतच्या पत्रकात काय बदललं ते लिहावं लागतं. सरांनी स्वतः लिहिलं: किरकोळ सुधारणा.

मी म्हटलं, "सर, असं नको. गावोगाव कळवायला हवं की आधीच्या काही पावत्या चुकीच्या असू शकतात. कुणाकुणावर पाणी घातल्याचा आळ आला असेल."

"कुणाची तक्रार आलीय का?"

"तक्रार कशी येईल? ज्याच्यावर आळ येतो तो गप्प बसतो."

"मग झालं तर," ते म्हणाले. मी भांडले. नेहमीसारखी भांडले, टेबलावर हात आपटून. पत्रक तसंच गेलं. त्या गावांची नावं मला पाठ आहेत, कारण डबे मीच तपासून धाडले होते. कुठं वाटी लावून लेकीच्या बाळंतपणाची चौकशी झाली असेल, कुठं आजाऱ्याची. जिच्याबद्दल गावाला जास्त जिव्हाळा, तिच्याच दुधात पाणी निघालं असेल. मी काहीही करू शकले नाही. एक घर तेवढं माझ्या हातात होतं.

रविवारी मावशी माझ्याबरोबर फलटणला निघाल्या. साताऱ्याला गाडी बदलताना मी म्हटलं, कंदी पेढे घेऊया का. त्या म्हणाल्या, "पेढं कशाला? साखरपुडा हाय व्हय?" वाटेत एवढंच बोलणं झालं.

घरी वडील ओसरीवर होते. आक्कानं पाणी आणून दिलं, मावशींच्या पाया पडली, चहा टाकून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मी केबल, डबा, ड्रायव्हर, सगळं तिला समजावून सांगायचं ठरवून आले होते. कागदावर चित्रही काढून आणलं होतं. ते बॅगेतच राहिलं.

मावशी म्हणाल्या, "यंत्रच खोटं बोलत हुतं. हिनं हुडकून काढलं. समद्या गावाम्होरं दावलं. तुजा काय दोस न्हाई. चल आता घरला."

वडिलांनी मोठा सुस्कारा सोडला. डोळे पुसले. मला वाटलं, झालं, सुटलो.

आक्का म्हणाली, "हिला घावलं नसतं तर, आत्ती?"

"आता कशाला त्ये उकरायचं?" वडील घाईनं म्हणाले. "घावलं न्हवं? देवाची दया."

"आन् घावलं नसतं तर?"

मावशींना गोड बोलता आलं असतं. कधी ना कधी नेलंच असतं गं, असं कुणीही म्हटलं असतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते आनंदानं खरं मानलं असतं. त्यांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग मान वर करून थेट आक्काकडं बघत म्हणाल्या, "तर तू हितंच असतीस."

आत चहाचं पातेलं उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

"मी सांगितलं हुतं एकदा," आक्का म्हणाली.

"व्हय. ऐकलं हुतं मी."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की खरं काय ते सिद्ध करणं हे सगळ्यात अवघड काम आहे. ते मी केलं होतं. आणि तरी ओसरीवर बसून मला कळत होतं की माझ्या बहिणीला हवं होतं ते माझ्या ड्रायव्हरमध्ये कधी नव्हतंच. तिला कुणीतरी पुराव्याशिवाय खरं मानायला हवं होतं. ती वेळ निघून गेली होती, आणि तिला मानलं नव्हतं त्यांत मावशी होत्या, नवरा होता, आमचे वडील होते. मी होते की नव्हते, ते तिनं विचारलं नाही.

आक्का आत जाऊन पातेलं उतरवून आली. मग म्हणाली, "म्हस गाभन हाय. तुमच्या हातानं न्हाई व्हायाचं. म्हनून येते. पर किटली मी उचलनार न्हाई, आत्ती. आजपास्नं न्हाई."

मावशींनी आपली वाकडी बोटं पदराखाली घेतली. "मी नेईन," म्हणाल्या.

आक्का पिशवी भरायला आत गेली.